मॅडम, माझं वाक्य खोडलं नाहीत म्हणून

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या ग्रामसेविका म्हणून तुमची बदली झाली, त्या निरोपाला मी मागच्या खुर्चीवर बसून होतो. शाल झाली, नारळ झाला, चौघं बोलले, मी काही उठलो नाही. उठलो असतो तर मीही कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ असलंच काही बोललो असतो. (मनमिळाऊ तर तुम्ही नव्हताच. तीन वर्षांत आमच्या घरचा चहा तुम्ही एकदा घेतलात, तोही उभ्यानं.) म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. ज्या वाक्यावरून हे आभार मानायचेत ते मी चारचौघांतच बोललो होतो.

गावाचं नाव इथं लिहीत नाही. तालुक्यात ‘ते बहिष्कारवालं गाव’ म्हटलं की कळतं. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. भागवत सप्ताहाच्या काल्याला वस्तीतली दोन पोरं मधल्या पंगतीत बसली. त्यांना हाताला धरून उठवलं. बापानं ठाण्यात तक्रार दिली, तर गावानं वस्तीचं दळण बंद केलं, किराणा बंद केला, वावरातली मजुरी बंद केली. कापूस झाडावर लोंबत होता, वेचायला बाया नव्हत्या, तरी पंधरा दिवस कोणी माघार घेतली नाही. स्वतःचं नुकसान करून घेण्यात एवढी एकी या गावानं दुसऱ्या कुठल्या कामात दाखवल्याचं मला आठवत नाही.

पुढं पेपरात आलं. जिनिंगच्या काट्यावर गाडी लावली की काटेवाला विचारायचा, “त्याच गावचे का तुम्ही?” सोयरिकीची बोलणी अर्ध्यातून फिरायची. नवा गुरुजी रुजू व्हायच्या आधीच बदलीचा अर्ज करायचा. आम्हाला राग यायचा तो पेपरवाल्यांचा. 2006 साली खैरलांजीत एकाच घरातली चार माणसं मारली गेली आणि भंडारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावाचं नाव देशभर झालं. आमच्याकडं तर कोणाला साधं खरचटलंही नव्हतं, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. सांगताना आवाजात केवढं समाधान असायचं! आणि नाव सुधारायला आम्ही केलं काय? वर्गणी काढून प्रवेशद्वार बांधलं. एका खांबावर गाडगेबाबा, दुसऱ्यावर तुकडोजी महाराज.

मग नळयोजना आली. पाण्याच्या टाकीला उंच जागा पाहिजे, आणि उंचवटा होता तो वस्तीच्या मागं, गायरानात. टाकीतून निघालेली मोठी लाईन आधी वस्तीतून जाणार आणि मग गावात येणार. एवढंच. पण त्यावरून चावडीवर आठ दिवस खलबतं चालली.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. माजी सदस्य म्हणून मला बोलायचा मान होता. मी म्हणालो, “खर्च वाढला तं वाढू द्या, आमची लाईन बाहेरून घ्या. त्यायच्या मोहल्ल्यातून आलेलं पानी आम्ही नाही पिणार.” मागून टाळ्या पडल्या. तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात. मी विचारलं, “मॅडम, हे कायले लिहिता?” तुम्ही म्हणालात, “तुम्ही बोललात म्हणून.”

प्रोसिडिंग कसं लिहितात ते आम्हाला ठाऊक होतं. आधीचे सचिव घरी बसून लिहायचे. विषय, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. त्या एका ‘सर्वानुमते’खाली वस्तीची किती मतं पुरली गेली असतील कोण जाणे. तुम्ही मात्र नावानिशी लिहिलंत, माझं वऱ्हाडी जसंच्या तसं. वस्तीतल्या ज्या पोरानं उठून उत्तर दिलं, त्याचंही.

डिसेंबरात मी तुमच्याकडं आलो होतो, आठवतं? ‘तेवढी एक ओळ खोडा’ म्हणून. तुम्ही वही पुढं सरकवलीत आणि म्हणालात, “खोडता येत नाही. नवीन काही बोलायचं असेल तर पुढच्या सभेत बोला, तेही लिहीन.” मी तणतणत निघालो, पण त्याआधी पानं चाळली होती. महिलांची ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी घ्यावी लागते, ती आमच्याकडं फक्त सह्यांपुरती असायची. तुम्ही ती 1 ऑक्टोबरला खरोखर घेतली होती. माझ्या वाक्याच्या दोन पानं आधी माझ्या बायकोचं वाक्य होतं : “टाकी एक, पानी एक, मंग लाईन काहून दोन?” घरी तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं?

26 जानेवारीला विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतकी वर्षं ‘वाचलं असं समजा’ म्हणून पुढं जायचो. तुम्ही वाचलंत. झेंडावंदनाची पोरं अजून ओट्यावर होती, त्यांत माझी नातही. तुमच्या त्या सपाट आवाजात माझं वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदा ते मला ऐकू आलं. मी उठून म्हणालो, “ते मी मागं घेतो. लाईन एकच टाका.” या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. एक जण उठून निघूनही गेला. तुम्ही तेही लिहिलंत, वेळेसकट.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा शासनाचा निर्णय डिसेंबर 2020 चा, तोही आमच्याकडं फायलीत पडून होता. तुमच्या काळात नमुना आठवरचं, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीतलं, ते नाव गेलं.

आभार फक्त माझ्यातर्फे मानतोय. वस्तीतर्फे मानायचा मला अधिकार नाही, त्यांचं माझ्याकडं निघतं ते वेगळं. त्या पोरांच्या बापाकडं मी गेलो होतो. त्यानं बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पाहू.” बरोबर आहे त्याचं.

बाकी गाव कसं आहे म्हणाल, तर काल्याची पंगत यंदा एक बसली, पण दोन म्हातारे पान तसंच ठेवून उठले. हॉटेलातले वेगळे ग्लास गेले, पण ते कागदी कपांमुळं. त्याचं श्रेय आम्ही घेऊ नये. देवळाच्या पायरीशी वस्तीतल्या बाया अजून थबकतात. प्रवेशद्वाराचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला.

तुमच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आमच्या तोंडी ग्रामसेविका मॅडमच आहे. नवे साहेब चांगले आहेत, पण प्रोसिडिंग घरी नेतात. मागच्या सभेत मी म्हटलं, इथंच लिहा आणि वाचून दाखवा. ते हसले. पुढच्या सभेत पुन्हा म्हणणार आहे. वस्तीतलं ते उत्तर देणारं पोरगं आता पाणीपुरवठ्याला आहे, वॉल्व्हची चावी त्याच्याकडं असते. सकाळी साडेसहाला पाणी सुटतं, आमच्या नळाला सात वाजतात. पोळ्याला याल तर मुक्कामी या, आणि चहा बसून घ्या.

आपला,
ग्रामपंचायतीचा एक माजी सदस्य