फॅनचा हट्टी नट: नानास पत्र

जळगाव,
दि. 6 एप्रिल

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. गाडीच्या रेडिएटरच्या फॅनमागचा नट दोन दिवस हलत नाही, फिटरने पान्याला पाइप लावून लोंबकळून पाहिलं, आता नट तापवायला गॅस आणतो म्हणतो. गॅस आणू देऊ नको. आधी त्याला एवढंच विचार, की नट कोणत्या बाजूला फिरवतोय? फोटोत पाना जिकडे झुकलाय त्यावरून तो नट खोलत नाहीये, आवळतोय.

तुझ्या लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या 300 टीडीआय इंजिनावर हा नट 32 मिलिमीटरचा आहे आणि त्याचे आटे उलटे आहेत. बंपरपुढे उभं राहून इंजिनाकडे तोंड केलं, की घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा. एरवी आपण ज्या बाजूने बोल्ट आवळतो त्याच बाजूने हा खुलतो. फिटरचा तसा दोष नाही. ट्रॅक्टर आणि बोलेरोवर बसलेला हात आहे, ही गाडी त्याने कुठे पाहिली असणार!

उलटे आटे का, हे कळलं की दिशा पाठ करावी लागत नाही. बेल्टवर चालणारी पुली फॅनला फिरवते आणि हवा पात्यांना अडवते. त्या अडण्याने नट सतत मागे रेटला जातो. आटे सरळ असते तर रोज थोडाथोडा सैल होऊन एक दिवस फॅन रेडिएटरमध्ये घुसला असता. म्हणून आटे असे पाडतात, की गाडी जितकी चालेल तितका नट घट्ट बसावा. यातून नियम निघतो: चालू इंजिनात फॅन ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला नट खुलतो. काही इंजिनांत पुलीवर बेल्टची पाठ चालते. तिथे फॅन उलटा फिरतो, म्हणून आटे सरळ असतात, पण नियम बदलत नाही. जुन्या टोयोटांत, आपल्या क्वालिसमध्येसुद्धा, हा मोठा नटच नसतो. चार छोटे नट सोडले की काम झालं. तुझ्या नशिबी ते सुख नाही.

आता एक घोळ निस्तरायचाय. चालण्याने जेवढा आवळला गेला त्यावर दोन दिवस पाइप लावून आणखी आवळलाय. त्यामुळे पहिल्या ठोक्याला सुटला नाही तर दिशेवर शंका घेऊ नको.

कामाला सकाळी लवकर लाग, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव आणि चाकांना दगड लाव. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नको. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं काऊल मोकळं करून इंजिनाकडे सरकव. रेडिएटर आणि पाती यांच्यामध्ये जाड पुठ्ठा उभा कर. केळीचं खोकं कापलंस तर अगदी मापात बसेल. पाना निसटला की सरळ रेडिएटरच्या जाळीत जातो, आणि दोनशे रुपयांच्या कामाला नवा रेडिएटर लागतो.

बेल्ट काढू नको. बरेच जण जागा व्हावी म्हणून आधी बेल्ट उतरवतात आणि मग पुली मोकळी गरागरा फिरते. बेल्टच तर पुलीला धरून ठेवतो. एकाने बेल्टवर तळहाताने दाब द्यायचा, दुसऱ्याने ठोका मारायचा. ठोका मारणाऱ्याची नजर त्या हातावर असू दे.

पाती धरून मात्र काही उपयोग नाही. नट ज्या तुकड्याचा आहे तो आणि पाती यांच्यामध्ये व्हिस्कस कपलिंग आहे, आत घट्ट सिलिकॉन तेल, त्या तेलातूनच पात्यांना जोर पोचतो. पाती धरलीस तरी नट आतल्या आत सरकत राहील. पात्यांत टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, अडकवली तर प्लास्टिकचं पातं तुटेल. एक पातं गेलं की पूर्ण फॅन बदलायचा, कारण तोल बिघडलेला फॅन बेअरिंग खातो.

पाना हाच खरा प्रश्न आहे. एका बाजूला फॅन, दुसऱ्या बाजूला पुली, मध्ये जेमतेम फट. रिंग पाना तिथे जात नाही, बाजारातला जाड फिक्स पाना अडकतो, आणि स्क्रू पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून 6 मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा 32 चा पाना कापून घे. साधी लोखंडी पट्टी जबड्याशी फाकते, म्हणून गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा दे. दांडा हातभर ठेव आणि शेवटी हातोडी बसेल अशी सपाट कड. सोबत दुसरी पट्टी करून घे: तिला दोन भोकं, पुलीच्या दोन बोल्टांच्या डोक्यांवर बरोबर बसतील अशी. तळहाताने बेल्ट दाबून भागलं नाही तर ही पट्टी पुलीला अडवते.

आदल्या रात्री नट जिथे पुलीला टेकतो त्या सांध्यात गंज सोडवणारं तेल सोड. बेल्टखाली चिंधी धर. बेल्ट तेलकट झाला तर दुसऱ्या दिवशी तो पुली धरणार नाही. तासा-दोन तासांनी पुन्हा थोडं सोड. एकदम पाव लिटर ओतून काही होत नाही, तेल आट्यांत झिरपायला वेळच लागतो.

मग ठोका. पाना नटावर पूर्ण बसव, हलणारी जागा राहू देऊ नको, आणि दांड्याच्या टोकावर किलोभराच्या हातोडीने एक झटक्याचा ठोका मार. पाइप लावून हळूहळू जोर लावला की नटासोबत पुली आणि बेल्टही सरकतात आणि सगळा जोर वाया जातो. ठोका इतका जलद असतो, की पुली हलायच्या आत आटे सुटतात. आठ-दहा ठोके मारून थांब, तेल सोड, चहा घे, परत मार. नट सुटताना टक् असा आवाज येतो आणि त्यापुढे तो हाताने निघतो. काढताना कपलिंग दुसऱ्या हाताने धरून ठेव, नाहीतर सुटल्याबरोबर सगळा भार जाळीवर येईल.

गॅस का नको, ते आता सांगतो. कपलिंगच्या आत सील आहेत आणि तेल आहे, मागे पुलीचं बेअरिंग आणि त्याचं ग्रीस. शिवाय तू सांध्यात सोडलेलं तेल पेट घेईल. फारच अडलं तर तेल पुसून हॉट एअर गनने नट तीन-चार मिनिटं तापव, पुढे जाऊ नको. तेवढ्यानेही नाही सुटला तर कपलिंगपासून पाती वेगळी करणारे बोल्ट काढ. पाती गेली की हात फिरवायला जागा मिळते, आणि मग छिन्नी नटाच्या कोपऱ्यावर तिरकी लावून त्याच दिशेने ठोकता येते. नट विद्रूप होईल, म्हणून हा उपाय कपलिंग बदलायचंच ठरलं असेल तेव्हा. फॅन आणि पुली यांच्यामध्ये टॉमी घालून उचकटणं कुठल्याच परिस्थितीत नको.

बाहेर आलेलं कपलिंग आडवं टाकू नको. गाडीवर जसं उभं असतं तसंच ठेव, नाहीतर तेल सरकून गळतं. मग तपास. थंड असताना पुली-बाजू धरून पाती फिरव. थोडा चिकट अडसर जाणवायला हवा. फॅन मोकळा भिरभिरत राहिला तर तेल संपलंय, दगडासारखा घट्ट असेल तर आतून जाम झालाय. पुढच्या बाजूला धुळीचा तेलकट थर दिसला तर गळती धर. पात्याचं टोक पुढे-मागे हलवून बेअरिंगचा ढिलेपणाही पाहा, आणि तसंच गाडीवर राहिलेल्या पुलीचाही. आता जागा मोकळी आहे तर बेल्टच्या भेगा आणि रेडिएटरची जाळी बघून घे. आपल्याकडे कापसाची सरकी-धूळ आणि फुफाटा जाळीत असा बसतो, की नवं कपलिंग लावूनही इंजिन तापतं. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्याने धू, प्रेशर गनने जाळीचे पंख वाकतात.

कुणी कपलिंगला आरपार बोल्ट मारून कायमचं जाम करायला सांगेल. रस्त्यात अडकल्यावर घरापर्यंत यायला ते चालेल, रोजच्या वापराला नाही. फॅन पूर्ण वेळ इंजिनासोबत फिरेल, आवाज वाढेल, डिझेल जाईल आणि प्लास्टिकच्या पात्यांवर ताण येईल.

परत बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ कर, कॉपर ग्रीसचा पातळ हात दे आणि नट घड्याळाच्या उलट दिशेने बोटांनी सुरू कर. पहिले दोन-तीन आटे हाताने गेलेच पाहिजेत. अडलं तर काढून पुन्हा लाव, पान्याने रेटलंस तर आटे मरतील. शेवटी पान्याने बेताचं आवळून एक हलका ठोका, बस. बाकीचं काम गाडी स्वतः करते. आज फिटरने जितका आवळलाय तितका परत आवळू नको, पुढच्या वेळी तुलाच खोलायचाय.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत उरकून घे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढताना वाऱ्याचा काहीच आधार नसतो. फॅन बसल्यावर एकदा दुपारी गाडी उभी ठेवून चालू कर. इंजिन तापलं की फॅनचा घोंघाट वाढलेला ऐकू आला पाहिजे. मगच घाटाकडे वळ.

वर्कशॉपमध्ये जाण्याआधी पुलीच्या ज्या दोन बोल्टांवर पट्टी बसवायची त्यांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून मला कळव. त्या मापाचा पुठ्ठ्याचा नमुना कापून पाठवतो, म्हणजे पट्टीची भोकं चुकणार नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
भाऊ