नकाल्याची तूर

मापुतो

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मोझांबिकबद्दल विचारलंस, "बाबा, 50 वर्षं झाली ना त्यांना स्वतंत्र होऊन, मग अजून इतकी हलाखी का?" तेवढ्यात तुझी आई आमटी उतू चालली म्हणून ओरडली आणि विषय राहिला. त्या आमटीतली तूरही कदाचित इथलीच असेल, नकाला बंदरातून निघालेली. तिचेच हिशेब लिहायला मी मोझांबिकला आलोय, तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

आधी गंमत ऐक. 1752 पर्यंत या मुलखाचा कारभार गोव्यातून चालायचा. आपल्या सावंतवाडीहून दीड-दोन तासांवर बसलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय या किनाऱ्यावर हुकूम सोडायचा! त्यामुळे इथल्या दुकानात मला फारसं परकं वाटत नाही. काजूला काजूच म्हणतात, बटाट्याला बटाटा, आणि पाव, साबण, बादली थोड्या वेगळ्या उच्चारात सापडतात. 'पगार' म्हणजे मात्र पैसे चुकते करणं. आपण घेतो तो पगार, हे देतात तो.

पण गोव्याशी तुलना इथेच थांबते. 1961 साली पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्याच्या शेजारी एक चालता देश उभा होता, कोर्ट-कचेऱ्या, बँका, पोस्ट सगळ्यासकट. (गोवा गेल्याचा राग पोर्तुगिजांनी इथे काढला, इथल्या भारतीयांना छावण्यांत कोंडलं आणि मग हाकलून दिलं.) 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झाला तेव्हा दहातल्या नऊंहून अधिक माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉक्टर पोर्तुगीज, इंजिन ड्रायव्हर पोर्तुगीज, साधा कारकूनही बहुधा पोर्तुगीजच. त्यातले बहुतेक वर्ष-दोन वर्षांत निघून गेले. जाताना ट्रॅक्टर मोडले, लिफ्टच्या खड्ड्यांत सिमेंट ओतलं, असं इथे सांगतात. आमच्या इमारतीची लिफ्टही बंद आहे, पण तिचा दोष मी पोर्तुगिजांना देत नाही.

स्वातंत्र्याचा लढा 1964 मध्ये सुरू झाला होता. त्याचा पहिला नेता एदुआर्दो मोंडलाने, अमेरिकेत प्राध्यापकी केलेला माणूस. 1969 साली टपालाने आलेल्या पुस्तकात बॉम्ब होता, त्यात तो गेला. पुढे समोरा माशेल आला आणि तोच पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. शेतकऱ्याचा पोर, पेशाने नर्स. 1986 मध्ये त्याचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळलं. त्याच विमानात त्याचा सल्लागार आकिनो द ब्रागांसा होता. तो आपल्या शेजारचा, बार्देशचा! गोव्याच्या गप्पांत त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. स्वातंत्र्याला दोन वर्षं होत नाहीत तोच युद्ध पेटलं, ते 1992 च्या रोमच्या करारापर्यंत. शेजारच्या ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारने बंडखोर उभे केले, मग दक्षिण आफ्रिकेने ते पोसले. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. बंडखोर शाळा आणि दवाखाने हेरून जाळत. सरकारही धुतल्या तांदळाचं नव्हतं. लोकांना सक्तीने नव्या गावांत हलवलं, विरोधकांना छावण्यांत डांबलं. पेरलेले भूसुरुंग काढून संपायला 2015 उजाडलं.

आमचा वॉचमन त्या काळातला, झांबेझिया प्रांतातला. तिशीत रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकला. रोज सकाळी रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहितो, एकेक अक्षर सुटं, जीभ दातांत धरून. मला घाई असली तरी मी थांबतो. त्याच्या गावची शाळा दोनदा जळली म्हणे.

हल्लीच्या दुखण्यांना मात्र सगळेच वाटेकरी. 1990 च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या दबावाने कच्च्या काजूवरचा निर्यात कर उतरवला, इथले कारखाने बसले आणि बी फोडायला भारतात यायला लागली. 2016 साली आपण, म्हणजे भारताने, इथली तूर घ्यायचा करार केला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे तूर उदंड झाली, सरकारने आयातीवर मर्यादा घातली, आणि इथे पोती पडून राहिली. त्या हंगामाची वही माझ्या टेबलावर आहे. भावाचा रकाना बघवत नाही. आणि इथल्या वरच्या लोकांनी गुपचूप दोन अब्ज डॉलरचं कर्ज काढलं, ते पाप त्यांचं त्यांच्याच माथी. 1975 पासून सत्तेत एकच पक्ष आहे. 2024 च्या निवडणुकीनंतर तरुण पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा दुकानं बंद, मी घरात, डब्यात तूर.

ती तूर शिजवून मी वॉचमनला वाटीभर आमटी दिली, कोकम घालून. त्याने चाखली, विचार केला आणि म्हणाला, "यात नारळाचा रस का नाही?" त्यांच्याकडे घालतात. आता आजीला विचार, चार जणांच्या आमटीला किती नारळ लागेल, आणि कोकम ठेवायचं की काढायचं. मला लगेच लिहून पाठव.

तुझा,
बाबा