मायनर दिली

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगणार होते, पण फोनवर बाबा नुसतं 'बरं' म्हणतात आणि आईकडे देतात. म्हणून लिहिते आहे. आपली जुनी मॉरिस मायनर गाडी दिली. गेल्या शनिवारी नवे मालक येऊन घेऊन गेले.

विकली असं म्हणवत नाही. वूस्टरजवळ एक सुतार आहे, जुन्या ट्रॅव्हलरची, म्हणजे आपल्यासारख्या मागे लाकडी चौकट असलेल्या मायनरची, लाकडं बदलून देतो. त्याच्या बायकोकडे स्वतःची बिनलाकडाची मायनर आहे. जास्त पैसे देणारा दुसरा एक होता, पण तो तिला लग्नांना भाड्याने लावणार होता. रिबिनी बांधलेली आपली गाडी बाबांना चालली असती का? नाही म्हटलं.

बाबा, अ‍ॅशच्या लाकडाची चौकट नुसती शोभेची नाही, मागचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे तिच्यावरच उभे आहेत, हे तुम्हीच शिकवलंत. डाव्या चाकावरचं लाकूड इतकं मऊ झालं होतं की अंगठा आत गेला. खिडकीच्या खाचेतलं शेवाळ तुमच्यासारखंच जुन्या टूथब्रशने काढत होते हो, पण या वर्षी शेवाळाबरोबर लाकूडही येत होतं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला 2018 पासून एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची, सक्ती नाही, टॅक्सही नाही, त्यामुळे कागदावर बाई ठणठणीत. पण तेवढ्यावर मुलांना मागे बसवून मोटरवेवर जायचा धीर होईना. सगळं लाकूड बदलायचं म्हणजे हजारो पौंड. तो सुतार ते स्वतःच्या हाताने करेल.

जुनं लॉगबुक, मालकांच्या नोंदीचं पुस्तक, गाडीबरोबर दिलं, ते तिचंच. लडलोच्या नर्सबाई, मग ते मास्तर, मग 1973 साली तुम्ही, आणि काउंटीच्या कारकुनाने आपल्या आडनावाची लावलेली वाट. स्वान्सीच्या वाहन नोंदणी कार्यालयातून आता जो कागद येतो त्यात आधीच्यांची नावं नसतात, नुसता आकडा. सुताराच्या कागदावर येईल, आधीचे मालक चार, चौथी मी. लॉगबुक बघून सुतार म्हणाला, नर्सबाईंची गाडी म्हणजे अपरात्रीची धावाधाव हिने पुष्कळ केली असणार. मग मी त्याला बॉनेटच्या मधल्या पट्टीची गोष्ट सांगायला घेतली, मायनरचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिसने तयार होत आलेली गाडी मधोमध उभी कापून चार इंच रुंद केली ती. त्याला माहीत होती. तरी बिचाऱ्याने पूर्ण ऐकून घेतली, तुमचे पाहुणे ऐकायचे तशी.

आई, तू मनातून 'सुटले' म्हणशील. तो नावापुरता हीटर, पायावर घोंगडी, त्यावर थर्मास. लेक डिस्ट्रिक्टच्या पावसात मागची दोन दारं कपाटासारखी उघडून तू पोळ्यांचा डबा काढायचीस, आणि मी नि दादा पाडलेल्या सीटवर लोळत असायचो. बाबांनी किल्ली फिरवली की गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची टिकटिक सुरू व्हायची. ती मंदावेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि मला तर तेवढ्यातच झोप लागायची.

बाबा, एक नीट ऐका. गाडी दिली म्हणजे तुम्ही आता येणार नाही असं मी धरून चालले आहे, असं मनात आणू नका. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास सध्या नको म्हटलंय. सध्या. याल तेव्हा माझी गाडी आहे, तिची सीट गरम होते, आईच्या गुडघ्यांना बरं. आणि हौस वाटली तर सुतार किल्ली देईन म्हणालाय, फक्त चोक किती ओढायचा ते तुम्ही त्याला दाखवायचं.

आता तुमचं. गाडीचे पैसे तुमच्याकडेच पाठवते आहे, आणि ते मुदत ठेवीत टाकायचे नाहीत. बाथरूममध्ये दांडे बसवायचे. दादाने माणूस ठरवलाय, मंगळवारी येईल, त्याला 'आज नको' म्हणून परत पाठवू नका. एक कमोडजवळ, एक नळाजवळ. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या पुढे ढकलायचं नाही. अंधार पडल्यावर स्कूटर बंद, भाजीवाला घरपोच देतो. आई, बाबांच्या गोळ्यांच्या नादात तुझी बी-12ची इंजेक्शनं राहतात, मला कळतं ते. रागावले नाहीये गं.

तुमची,
मनू

ता. क. लॉगबुकचं तुमच्या नावाचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय. मोठं करायला दोन बोटांनी ताणायचं, बाबा. आईला येतं.