जॉइस खलनायक नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘परफेक्ट गेम’वरचा लेख वाचला. परफेक्ट गेम म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) समोरच्या संघाच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देता ओळीने सत्तावीसही बाद करणे. मराठी वृत्तपत्राने बेसबॉलला एवढी जागा दिली म्हणून आधी बरे वाटले होते. पण जिम जॉइस या पंचाला आपल्या लेखकाने ज्या शब्दांत झोडपले आहे ते वाचून संताप झाला. ‘खलनायक’ काय, ‘दरोडा’ काय! लेखकाने २ जून २०१० चा डेट्रॉइटचा सामना रंगवून सांगितला आणि ३ जूनचा दिवस साफ गाळला. हे कसे चालेल?

नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, सव्वीस फलंदाज आले तसे परत गेलेले. सत्ताविसावा क्लीव्हलँडचा जेसन डोनाल्ड. त्याने पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून जमिनीलगत चेंडू मारला. फर्स्ट बेसवरचा मिगेल काब्रेरा आपली जागा सोडून उजवीकडे धावला आणि चेंडू उचलून त्याने डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गालारागाकडे फेकला. अशा वेळी फर्स्ट बेस गाठायची जबाबदारी पिचरवर येते. गालारागा धावत आला, चेंडू झेलला, बेसवर पाय दिला. डोनाल्डचा पाय त्यानंतर पडला. जॉइसने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे नाबाद!

तो आऊट होता. याबद्दल कुणाचेच दुमत नाही, जॉइसचेही नाही. सामना संपताच त्याने चित्रफीत पाहिली आणि पत्रकारांसमोर सरळ सांगून टाकले, की मी त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला. कोन वाईट होता, गर्दीचा आवाज होता, अशी एकही सबब नाही. गालारागाला भेटून, मिठी मारून, रडत त्याने माफी मागितली. आणि तो पिचर? निर्णय ऐकला तेव्हा तो नुसता हसला होता. मुकाट्याने माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, परत गेला, पुढच्या ट्रेव्हर क्रोला बाद केले आणि ८८ चेंडूंत सामना ३-० असा जिंकून दिला. माणूस आहे, चुकतोच, असे त्याने नंतर सांगितले.

आता गाळलेला दिवस. ३ जूनला त्याच दोन संघांचा सामना होता आणि होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी, उभे राहायची पाळी जॉइसची होती. आजचा दिवस सुट्टी घे, असे त्याला सुचवले गेले. त्याने नकार दिला आणि मैदानात आला. संघांच्या याद्या पंचाच्या हाती द्यायची सामन्याआधीची रीत असते. डेट्रॉइटचे मॅनेजर जिम लेलँड यांनी त्या दिवशी यादी घेऊन गालारागाला पाठवले. आदल्या रात्री हेच लेलँड जॉइसवर तावातावाने ओरडत होते, हे विसरू नये. गालारागाने यादी दिली. जॉइसने डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि खेळ सुरू झाला. बेसबॉलच्या इतिहासात मला याहून मोठा क्षण दिसत नाही. बेब रूथचे षटकार तुमच्या लेखकाला लखलाभ असोत.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे आणि जळगाव जिल्ह्यात शालेय सॉफ्टबॉलचे सामने वर्षानुवर्षे पंच म्हणून उभा राहिलो आहे. फर्स्ट बेसचा निर्णय टीव्हीसमोर बसून सोपा वाटतो. तिथे पंचाची नजर बेसवर, पायावर असते आणि चेंडू ग्लव्ह्जमध्ये कधी आला हे तो कानाने ठरवतो. तो ‘थप्प’ आवाज आधी की पाय आधी, एवढाच हिशेब. धावत येणाऱ्या पिचरच्या ग्लव्ह्जच्या जाळीत चेंडू अडकला की तो आवाज नीट येत नाही. वर त्या दिवशी प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. चूक माफ करा असे मी म्हणत नाही. ती कशी होते, हे लेखकाने एका ओळीत तरी सांगायला हवे होते.

शिवाय २०१० मध्ये पंचाला व्हिडिओ बघायची मुभा फक्त होम रनच्या (चेंडू थेट मैदानाबाहेर गेला का, या) शंकेपुरती होती. बेसवरचे निर्णय तपासायची सोय २०१४ पासून आली. जॉइसने मागितली असती तरी त्याला ती मिळाली नसती.

याच लेखात १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतल्या) पिचर डॉन लार्सनच्या परफेक्ट गेमचे भरभरून कौतुक आहे. ते असायलाच हवे. पण त्यातला शेवटचा चेंडू कसा होता? डेल मिचेल हा सहसा स्ट्राइक-आऊट (तीन स्ट्राइकवर बाद) न होणारा फलंदाज, सबंध कारकिर्दीत जेमतेम ११९ वेळा तसा बाद झालेला. त्याने बॅट घातली नाही, पंच बेब पिनेली यांनी तिसरा स्ट्राइक दिला आणि कॅचर योगी बेरा धावत जाऊन लार्सनच्या अंगावर चढला. चेंडू बाहेर होता, असे मिचेल अखेरपर्यंत सांगत राहिला. होम प्लेटमागे पिनेलींचा तो शेवटचा सामना. म्हणजे एका पंचाच्या शंकास्पद निर्णयाने परफेक्ट गेम झाला तर तो इतिहास, आणि दुसऱ्याच्या चुकीने हुकला तर तो दरोडा! पिनेलींचे तर लेखात नावही नाही.

हा विषय मला इतका का लागतो, तेही सांगतो. सतरा वर्षांखालील मुलींचा जिल्हास्तरीय अंतिम सामना होता. शेवटची इनिंग, तिसऱ्या बेसवरची मुलगी होमकडे सुटली. लेफ्ट फील्डमधून थ्रो आला, एक टप्पा पडून थेट कॅचरच्या हातात. कॅचरने ग्लव्ह्ज खाली नेऊन धावणारीच्या पोटरीला टेकवला, तेव्हा तिचा पाय प्लेटपासून वीतभर लांब होता. मी गुडघ्यात वाकून बघत होतो, धूळ डोळ्यांत गेली तरी पापणी मिटली नव्हती. आऊट दिला. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक मैदानात घुसले, माझ्या हातातला इंडिकेटर (चेंडू मोजायचे यंत्र) हिसकावून त्यांनी तो भिरकावला आणि सगळ्या मुलींच्या देखत विचारले, “किती घेतले, सर?” प्रवासभत्ता आणि जेवणाचे कूपन यापलीकडे मला त्या दिवशी काही मिळणार नव्हते.

एका पालकाने मोबाइलवर तो क्षण टिपला होता. बक्षीस समारंभाच्या आधी प्रशिक्षकांनी तो पाहिला आणि “आऊटच होती की,” असे ते आयोजकांना म्हणाले. माझ्यापासून चार हातांवर उभे राहून म्हणाले. माझ्याकडे मात्र वळले नाहीत, ना तेव्हा, ना नंतर कधी. मंचावर सगळ्यांशी हस्तांदोलन केले आणि माझ्यापाशी येताच पुढे सरकले. त्यांच्या संघातल्या मुलींनी त्या दिवशी काय पाहिले असेल, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो. अमेरिकेत हजारोंसमोर चूक केलेला पंच स्वतः जाऊन माफी मागतो आणि इतका मोठा मान हुकलेला खेळाडू त्याला यादी नेऊन देतो. अशा माणसांची गोष्ट आमच्या मुलांना पूर्ण सांगा. अर्धी सांगाल तर त्यांना शिव्या देणेच तेवढे कळेल.

बेसबॉलच्या प्रमुखांनी आता तरी गालारागाला परफेक्ट गेम बहाल करावा, ही लेखातली मागणीही मला पटत नाही. मिशिगनच्या तेव्हाच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी तशी घोषणा केली होती. कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलला नाही आणि योग्य केले. मैदानावर जे झाले ते वहीत तसेच राहावे. १९५९ साली हार्वी हॅडिक्स या पिचरने सलग बारा इनिंगमध्ये ३६ फलंदाज बाद केले, तेराव्यात त्याचा संघ हरला. १९९१ मध्ये परफेक्ट गेमची व्याख्या बदलून त्याचे नाव यादीतून काढले. तोही अन्याय होता. उशिरा बसून यादीत नावे घालणे आणि काढणे, दोन्ही थांबायला हवे. गालारागाने त्या दिवशी सत्तावीसऐवजी अठ्ठावीस जणांना बाद केले, हे डेट्रॉइटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक. याच जॉइसला, तोच जून महिना चालू असताना, ईएसपीएन या क्रीडावाहिनीने शंभर खेळाडूंमध्ये घेतलेल्या कौलात सर्वोत्तम पंच म्हणून सर्वाधिक पसंती मिळाली होती. ज्यांच्यावर तो निर्णय देत होता त्यांचेच हे मत. पुढे २०१२ मध्ये फिनिक्सच्या मैदानात एक कर्मचारी कोसळली तेव्हा छातीवर दाब देऊन तिचा जीव वाचवणाराही हाच माणूस. ‘खलनायक’ हा शब्द आपण मागे घ्यावा आणि तो पुरवणीतच, तितक्याच ठळकपणे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जाता जाता: जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांचे निकाल आपल्या पानावर पूर्वी नियमित यायचे. आता क्रिकेटखेरीज काही येत नाही. मुली सकाळी सहाला मैदानावर येतात, पिचिंग करून बोटांना फोड आणतात, आणि अंतिम सामना जिंकल्यावर त्यांचे नाव कुठेच छापून येत नाही. निकाल आम्ही संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो. दोन ओळींची जागा द्या, खेळाडूंच्या नावांसह.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक व सॉफ्टबॉल पंच,
जि. जळगाव