आप्पा, तपासणी ठीक चालली आहे

5 ऑक्टोबर

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

मी इथे कॅलिफोर्नियात मजेत आहे. फोनवर सगळं बोलता येत नाही. आई स्पीकर लावते आणि मग शेजारच्या काकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळे माझ्या तब्येतीवर मत देतात. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. आप्पांनी आईला वाचून दाखवावं. शेवटचं पान दादाला दाखवू नये.

आधी आईचे प्रश्न. हो, जेवते. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी तव्यावर टाकताना अजून तुटते, पण तुटलेलीही पोटात जातेच. इथल्या खोऱ्यात हिवाळ्यात दाट धुकं पडतं आणि गाड्या एकमेकींवर आदळतात, हे तुला कुणी व्हिडिओ पाठवून दाखवलं ते मला माहीत आहे. आत्याला सांग, माझी खोली कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे, मोठा रस्ता लागतच नाही. आणि वाळले नाहीये मी. कॅमेरा वरून धरला की तशी दिसते.

काकांना एक सांगा. इथेही थॉमसन द्राक्षाचाच बेदाणा होतो, पण आपल्यासारखी शेड नाही, जाळ्या नाहीत. दोन ओळींच्या मधल्या मातीवर कागद अंथरतात आणि घड तसेच उन्हात टाकून देतात. सप्टेंबरात पाऊस आला तर संपलं. गेल्या महिन्यात एकदा ढग आले आणि माझ्या वर्गातली चार मुलं खिडकीकडेच बघत बसली. त्यांचे आईबाप त्याच बागांत कामाला आहेत. तासगावचीच मुलं वाटली मला.

आता आप्पा, तुमचा प्रश्न: 'तपासणी झाली का आणि कायम कधी होणार?' हे नीट सांगते, कारण गेल्या वेळी तुम्ही काकांना 'पोरगी प्रोबेशनवर आहे' असं सांगितलंत आणि काकूंनी मला काहीतरी शिक्षा झाली असा अर्थ काढला. शिक्षा नाही. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे माझ्यासारख्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातल्या, शिक्षकाला कायम व्हायला चार वर्षं लागतात. पहिला करार एक वर्षाचा, दुसरा एक वर्षाचा, तिसरा दोन वर्षांचा. माझा दुसरा चालू आहे. पुढे ठेवणार की नाही ते 15 मार्चच्या आत कळवणं त्यांना कायद्यानं भाग आहे. या काळात दरवर्षी मूल्यमापन, कायम झाल्यावर तीन वर्षांतून एकदा.

पण तपासणी म्हणजे तुमच्या मनात येते तशी नाही. साहेबांची जीप फाटकात दिसली की फळ्यावर सुविचार बदलायचा, हा प्रकार इथे नाही. वर्ग बघायला येणारे दोघे माझ्याच विभागातले शिक्षक, आणि ते आधी मलाच विचारतात, कधी येऊ? मी म्हटलं, कधीही या. तर नाही, तारीख मीच द्यायची. मग कोणता धडा, काय उद्देश, हे त्यांना अगोदर लिहून पाठवायचं. ते येतात, मागच्या बाकावर बसतात, सव्वा तास काहीतरी लिहितात आणि हसून निघून जातात. चहा विचारायची पद्धत नाही. (मी विचारला. नको म्हणाले, आणि का विचारला म्हणून मीच नंतर घाबरले.) दुसऱ्या एका दिवशी मुलं माझ्याबद्दल फॉर्म भरतात, तेव्हा मी वर्गाबाहेर जायचं. व्हरांड्यात अंगठे धरून उभी राहिल्यासारखं वाटतं. मुलांचे शेरे मला निकाल लावून झाल्यावरच बघायला मिळतात. गेल्या वर्षी एकीनं लिहिलं, 'मॅडम सारखं विचारतात डाऊट आहे का, त्यांचा आमच्यावर विश्वास नाही का?' इथे शंकेला डाऊट म्हणत नाहीत, क्वेश्चन म्हणतात. वर्षभर मी त्या पोरांवर संशय घेत होते, आणि कुणी बोललं नाही!

शेवटी सगळा अहवाल माझ्यासमोर ठेवतात. मी सही करायची, पण सहीचा अर्थ 'वाचलं' एवढाच, 'मान्य आहे' असा नाही. पटलं नाही तर माझं म्हणणं लिहून त्याला जोडायचं. तुमच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला की मगच कळायचं, हे आठवलं. बरं, गेल्या वर्षीच्या अहवालात शिकवण्याबद्दल सगळं चांगलं होतं. 'सहकाऱ्यांशी वागणूक' या रकान्यात मात्र होतं, बैठकांमध्ये आणखी सहभाग हवा. मी ज्येष्ठ बोलत असताना मधे तोंड घालत नव्हते, तुम्हीच शिकवलंत. इथे त्याला अलिप्तपणा म्हणतात. आता मी प्रत्येक बैठकीत एकदा तरी 'मला हे ऐकून छान वाटलं' म्हणते. काम भागतं.

दादाला दाखवू नका म्हटलं ते इथून पुढे.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या चार दिवस आधी माझा बीजगणिताचा वर्ग रद्द झाला. नऊच मुलांनी नावं घातली होती. 2017 च्या एका कायद्यानंतर मुलांना खालच्या बीजगणितात अडकवून ठेवता येत नाही, ती थेट संख्याशास्त्राला बसतात. (यावर तुमचं मत मला माहीत आहे आप्पा, ते फोनवर ऐकेन.) आणि सरकारी पैसा पटावर. सत्राचा पाचवा हिस्सा संपताना मुलं मोजतात, अगदी आपली पटपडताळणी. पूर्णवेळ शिक्षकाचे आठवड्याचे शिकवण्याचे 15 युनिट मात्र भरलेच पाहिजेत. म्हणून तासिकेवरच्या एका सरांचा भरलेला संख्याशास्त्राचा वर्ग काढून मला दिला. याला इथे बंपिंग म्हणतात. नियमात बसतं. मी मागितला नव्हता.

मी नवी आले तेव्हा झेरॉक्सच्या मशीनचा कोड मला याच सरांनी सांगितला, स्वतःच्या सरावाच्या प्रश्नांची सगळी फाइल दिली. तासिकेवरच्या माणसाला एका संस्थेत पूर्णवेळच्या 67 टक्क्यांवर काम देता येत नाही, म्हणून ते तीन गावांत तीन कॉलेजं करतात. अशांना फ्रीवे फ्लायर म्हणतात, दिवसभर रस्त्यावरच. वर्ग गेला त्या संध्याकाळी त्यांचीच मेल आली: अभ्यासक्रम जोडलाय, दोन मुलं जरा मागे आहेत, सांभाळून घ्या. मी उत्तरात आभार मानले. एवढंच लिहिलं.

दादा नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिकेवरच, होता. दर जूनला प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसायचा, आणि 'मुलगा कायम नाही' म्हणून दोन स्थळं परत गेली, तेव्हा तू देवघरात तोंड फिरवून बसली होतीस आई. सांगलीत क्लास काढला तेव्हा कुठे जमलं. त्याला मी हे कुठल्या तोंडानं सांगू?

असो. दादाच्या लग्नासाठी अडीच लाख पाठवलेत, हॉल आणि आचाऱ्याचं त्यात भागेल. दादाला 'आप्पांची एफडी मोडली' असं सांगा. मे ते ऑगस्ट पगार नसतो, नाहीतर तीन केले असते. आत्यानं आणलेल्या स्थळाला 15 मार्चनंतर उत्तर देते. नाही म्हणत नाहीये, नंतर म्हणतेय. मुलगा टेक्सासमध्ये आहे म्हणजे जवळच, असं आत्याला वाटतं. तासगावहून दिल्लीपेक्षा लांब आहे ते.

आणि दादाच्या लग्नाचं. 4 डिसेंबर म्हणजे आमच्या परीक्षांच्या तोंडावर, आणि अहवालाची बैठक त्याच आठवड्यात, म्हणून रजा मिळणार नाही असं मी तुम्हाला सांगितलं. आप्पा, मी रजा मागितलेली नाही. 'सहकाऱ्यांशी वागणूक' या रकान्यात काय लिहितील या भीतीनं विचारलंच नाही. बैठकीची तारीख मला विचारूनच ठरवतात, हे मी वर लिहिलंच आहे.

हळद कोणत्या दिवशी धरलीय ते कळवा. विमानाचं मी नुसतं बघून ठेवते, आईला एवढ्यात बोलू नका. अरे, पत्र तर तुम्ही मोठ्यानंच वाचताय.

तुमची,
धाकटी

ता. क. पैसे जमा झाले की मिस्ड कॉल नको, मेसेज करा. तुमच्या सकाळी माझा रात्रीचा वर्ग चालू असतो. त्या सरांचाच.