मादाम, सशाबद्दल आभार

आदरणीय मादाम,

सादर नमस्कार. फ्रेंच सिनेमांची इंग्रजी उपशीर्षकं करणाऱ्या आम्हा तिघांचे खर्डे तुम्ही लाल पेनानं रंगवून परत पाठवलेत, त्याला आता बरेच महिने झाले. आभार खासगीतही मानता आले असते. पण समासात तुम्ही जे लिहिलंत ते फ्रेंचवरून इंग्रजी करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. चालेल ना?

सुरुवात सशापासूनच करायला हवी. 'पोझे अँ लापँ', म्हणजे शब्दशः 'ससा ठेवणे'. अर्थ आपल्याकडच्या 'टांग मारणे'चा: भेटायचं ठरवायचं आणि जायचंच नाही. इंग्रजीत सरळ 'ही स्टुड मी अप'. इथवर शब्दकोशही पोचवतो. तुम्ही विचारलंत ते वेगळंच: बोलणाऱ्याला त्या क्षणी ससा दिसतोय का? रोजच्या बोलण्यात नाही दिसत. 'टांग मारली' म्हणताना आपल्याला कुठे तंगडी दिसते? चित्र मेलेलं असेल तर ते इंग्रजीत जिवंत करून आणायचं नाही; नाहीतर इंग्रजी प्रेक्षकाला वाटतं की पात्र कविता करतंय. पण समोरचा लगेच म्हणाला, 'बरं झालं, रात्रीच्या जेवणाची सोय झाली', तर ससा उठून बसला. आता नुसतं 'स्टुड मी अप' लिहिलं तर उत्तर लोंबकळत राहतं. तुमचा तोडगा आम्ही जपून ठेवला आहे: 'ही स्टुड मी अप.' 'सो सिट डाउन, डिनर्स रेडी.' ससा गेला. कोटी राहिली, जेवणही राहिलं. कोटी प्राण्यावरून क्रियापदावर सरकवायची, हे आम्हाला सुचलं नसतं.

वाक्यं नोंदवायच्या तुमच्या वहीचे रकानेच इथे देतो. पहिल्यात मूळ वाक्य, पूर्ण, कारण सुट्या शब्दाचं भाषांतर करायचंच नाही. दुसऱ्यात कोण, कुणाला. तिसऱ्यात साल आणि गाव. चौथ्याला तुम्ही 'ताप' म्हणता, शून्य ते पाच: शून्य म्हणजे आजीसमोर चालेल, पाच म्हणजे मारामारी होईल. पाचव्यात चित्र जिवंत की मेलेलं. इंग्रजी सहाव्यात, आणि ते दुसऱ्या दिवशी फ्रेंच झाकून नुसतं मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यानं 'असं का म्हणाला तो?' विचारलं की ओळ नापास.

दुसरा रकाना किती कामाचा आहे हे 'ले कारोत सों क्वीत'वरून कळलं. गाजरं शिजली, म्हणजे आता काही उरलं नाही. पोलीस चोराला म्हणाला तर 'गेम्स अप'. सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला समालोचक म्हणाला तर 'इट्स ऑल ओव्हर'. आजाऱ्याबद्दल कुजबुजत म्हटलं तर 'ही इज डन फॉर'. फ्रेंच एकच, इंग्रजी तीन. शब्दांची जोडी पाठ करून ठेवली की नेमकी तिथेच फजिती होते. 'पेते ले प्लों'चंही तसंच. प्लों म्हणजे शिशाचे फ्यूज, त्यामुळे 'ब्लो अ फ्यूज' हातातच येतं, मराठीतही डोक्याचा फ्यूज उडतो. पण फ्रेंच माणूस नुसता चिडला तरी हे म्हणतो आणि एखादा खरोखर बिथरून गेला तरी हेच. दुसऱ्या वेळी 'ब्लो अ फ्यूज' हास्यास्पद होतं. तिथे 'ही स्नॅप्ड' हवं.

आता 'गल'. या एका शब्दावर तुम्ही जितकी शाई खर्च केलीत तितकी दुसऱ्या कशावर नाही, आणि ते योग्यच होतं. मूळ अर्थ जनावराचं तोंड. माणसाला लावला की आपलं थोबाड. 'ताप' चार धरून आम्ही सगळीकडे तोच कडक स्वर लावत होतो, आणि तीच चूक होती. 'ता गल!' हे खरंच कडक: 'शट युवर फेस' किंवा त्याहून जहाल. पण 'फेर ला गल' म्हणजे फुगून बसणे, गाल फुगवणे. 'ही इज सल्किंग', ताप जेमतेम दोन. 'ग्रांद गल' म्हणजे 'लाउडमाउथ', आणि त्यात कधीकधी कौतुकही असतं. 'गल द ब्वा', लाकडाचं थोबाड, म्हणजे 'हँगओव्हर', त्यात शिवी नावालाही नाही. 'कास-गल' म्हणजे जोखमीचं, 'डायसी' किंवा 'रिस्की'. घराला किंवा कपड्याला 'आव्वार द ला गल' म्हटलं तर ती शाबासकी, 'इट लुक्स ग्रेट'. आणि 'आम्यूझ-गल' तर पाहुण्यांसमोर तबकात येतं, जेवणाआधीचं तोंडीलावणं! म्हणून तुमचा नियम: शिवीची ताकद शब्दात नसते, वाक्यात असते.

हाच न्याय 'प्युतँ' (शब्दशः वेश्या) आणि 'कों' (मूर्ख, मुळात अश्लील) या शिव्यांना. कोशातला अर्थ पाहून इंग्रजीतला सर्वांत जहाल शब्द टाकला की दक्षिणेतल्या मार्सेयचा एखादा साधा दुकानदार गुंड वाटायला लागतो. तिकडे हे शब्द स्वल्पविरामासारखे येतात. मराठी माणसाला हे समजावं लागू नये, कारण 'च्यायला'ची व्युत्पत्ती कुणी ऐकताना आठवत नाही. सहा 'प्युतँ' आले तर इंग्रजीत दोन पुरतात, आणि तेही जिथे आवाज चढतो तिथेच.

इथेच दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ही चूक अजून सर्रास दिसते. बोलताना नकारातला 'न' गाळणं हे स्लँग नाही. 'झ न से पा'चं (मला माहीत नाही) 'शे पा' प्राध्यापकही करतात, मंत्रीही करतात. ते ऐकून प्रत्येकाच्या तोंडी 'आय डनो, इनिट' घातलं की सगळी पात्रं एकाच वस्तीतली होऊन जातात. साध्या बोलीला साधं इंग्रजी द्यावं आणि खरं स्लँग येईल तेव्हासाठी मसाला शिल्लक ठेवावा.

पैशाच्या ओळींत मात्र चूक चवीची नसते, हिशोबाची असते. मुंबईत 'दोन पेट्या' म्हटलं की दोन लाख आणि खोका म्हटलं की कोटी, तशी फ्रेंचमध्ये 'ब्रिक' म्हणजे वीट. एक वीट म्हणजे दहा लाख जुने फ्रँक. 1960मध्ये नवा फ्रँक आला, 100 जुन्यांचा 1 नवा, म्हणजे वीट झाली 10,000 नव्या फ्रँकची. पण माणसं पुढची कित्येक वर्षं जुन्याच फ्रँकात मोजत राहिली. त्यामुळे 1970च्या आसपासच्या कथेत 'सँक ब्रिक' (पाच विटा) ऐकलं की 'फाइव्ह ग्रँड' (पाच हजार) लिहिणं दहापट चूक. ते 50,000 फ्रँक, म्हणून 'फिफ्टी ग्रँड'. युरोच्या ठरलेल्या दरानं, 6.55957 फ्रँकला 1 युरो, एक वीट साधारण 1,524 युरोंची होते. पण हा आकडा फक्त स्वतःच्या अंदाजासाठी, पडद्यावर फ्रँकच राहू द्यायचे. 'साक' म्हणजे 1,000 जुने, अर्थात 10 नवे. 'बाल' हा शब्द फ्रँकचा होता, 2002मध्ये युरोच्या नोटा आल्यावर तो युरोला चिकटला. आणि 'ता पा सां बाल?' हा तर सापळाच: शब्द शंभराचे, पण मागणारा शंभर जुने म्हणजे एक नवा फ्रँक मागतोय. 'गॉट अ हंड्रेड बक्स?' नव्हे, 'स्पेअर सम चेंज?'

व्हेर्लां हा उलट्या शब्दांचा प्रकार. 'लांव्हेर' म्हणजे उलट, ते नावच उलटून झालं 'व्हेर्लां'. फाम म्हणजे बाई, तिची झाली 'मफ'. फ्लिक म्हणजे पोलीस, त्याचा झाला 'कफ' (मराठी कानाला औषधाची बाटली आठवते, पण असो). 'लूश'चं 'शलू', म्हणजे संशयास्पद, 'डॉजी' किंवा 'स्केची'. हे इंग्रजीत उलटून दाखवायचा मोह होतो. इंग्रजीत उलटं बोलणं नव्हतं असं नाही. 'बॉय' उलटून झालेला 'यॉब' आजही टिकून आहे. पण आज उलटे शब्द घातले तर प्रेक्षक थांबून उलगडत बसेल आणि दृश्य निघून जाईल. शिवाय 'मफ' आता नेहमीच्या शब्दकोशांत आहे, ऑफिसातली माणसंही म्हणतात. त्याला टोळीचा वास उरलेला नाही. म्हणून तुमचा सल्ला भरपाईचा: जिथे शब्द उलटलाय तिथेच नव्हे, तर त्याच पात्राच्या पुढच्या-मागच्या ओळीत, इंग्रजीला जिथे सहज जमेल तिथे, एखादा बोलीचा चटका द्यायचा.

आजच्या व्हेर्लांपेक्षा जुनी ती पॅरिसच्या खाटकांची लुशेबेम, आणि ती समजायला मराठी मुलाला दोन मिनिटं पुरतात. चची भाषा आपण सगळेच बोललो: पहिलं अक्षर शेवटी टाकायचं, पुढे च लावायचा, 'कपाट'चं 'चपाटक'. खाटकांनी च ऐवजी ल घेतला आणि शेवटी शेपूट जोडलं. 'बुशे' म्हणजे खाटीक: ब मागे गेला, पुढे ल आला, शेवटी एम, झालं 'लुशेबेम'. तसंच 'आं दूस', म्हणजे हळूच, त्याचं 'आं लूस्दे'; इंग्रजीत 'ऑन द स्लाय'. 'फू' म्हणजे वेडा, त्याचा 'लुफोक' तर आता साध्या फ्रेंचमध्ये बसला आहे, तिथे 'झेनी' किंवा 'क्रेझी' पुरे. गुप्त भाषेची हवा आणायची गरज नाही.

रोमानी भाषेतून आलेले शब्द तुम्ही वेगळ्या पानावर लिहिलेत, त्याबद्दल खास आभार. 'शुराव्हे' म्हणजे चोरणे. 'माराव' म्हणजे मारणे. 'बिक्राव' म्हणजे विकणे, बहुतेक वेळा अमली माल. चोर, मार, विक: हजार वर्षं आणि अर्धं जग ओलांडून गेलेली ही आपल्याच घराण्यातली मंडळी. अरबीतून आलेलं 'किफे', आवडणे, ऐकून आपला 'कैफ' आठवतोच. मात्र ओळख पटली म्हणून अर्थ ठरत नाही: 'किफे'त नशा उरलेली नाही, 'आय लव्ह इट' एवढंच. आणि 'माराव'सारखी आव-अंती क्रियापदं सहसा रूप बदलत नाहीत, हे माहीत नसेल तर संवाद ऐकून उतरवून घेताना ती चूक समजून कुणीतरी 'दुरुस्त' करून टाकतं. पुढे भाषांतरही मग चुकतं.

जागेची गोष्ट थोडक्यात. ओळीत साधारण 42 रोमन अक्षरं, मोकळ्या जागा धरून, ओळी दोन, सेकंदाला 17 ते 20 अक्षरं, एक उपशीर्षक 7 सेकंदांहून जास्त नाही. 'तळहातावर केस उगवलाय' हे आळशी माणसाबद्दलचं फ्रेंच वाक्य शब्दशः इंग्रजीत 46 अक्षरं घेतं, म्हणजे वाचायला जवळजवळ पावणेतीन सेकंद. 'ही इज बोन आयडल' आक्रसून लिहिलं की 15, एक सेकंदही नाही. आपला 'हाडाचा आळशी' तिथेच बसलेला! फक्त हे ब्रिटिश आहे. अमेरिकन प्रेक्षक असेल तर 'नेव्हर लिफ्ट्स अ फिंगर'. कुठलं इंग्रजी, हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. एका ओळीत 'मेट' आणि दुसरीत 'ड्यूड' आला की पात्र विमानातून ये-जा करतंय असं वाटतं.

तुमच्या एका मताशी मात्र आम्ही अजून भांडतो. इंग्रजी स्लँग निदान तीस वर्षं टिकलेलं असावं, असं तुम्ही म्हणता: 'कॉप', 'ब्रोक', 'डम्प्ड', 'लूझर'. कालचा शब्द उद्या शिळा होतो, हे खरं. पण सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते काकाचं इंग्रजी वाटतं.

म्हणूनच वहीत 'सम'चं पान कोरं आहे. मूळ अरबीत विष. 'आव्वार ल सम' म्हणजे जळफळाट, विशेषतः हरल्यावरचा. 2018च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सनं बेल्जियमला 1-0 हरवल्यावर फ्रेंचांनी हा शब्द शेजाऱ्यांवर मनसोक्त वापरला. 'गटेड' लिहिलं तर दुःख येतं, आकस येत नाही. 'सॉल्टी'त आकस आहे, पण तो तुमच्या तीस वर्षांच्या नियमात बसत नाही. 'सोअर लूझर' माणसाला चालतं, भावनेला नाही. वही सोबतच्या पाकिटात परत पाठवतो आहोत. त्या पानावर लाल पेन चालवून द्याल का?

तुमचे,
उपशीर्षकवाले तिघे