क्राकोवमधील ‘इरॉस बेंदातो’ : मराठी पुस्तिकेसाठी सहकार्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

पोलंडमधील क्राकोव शहराच्या मुख्य चौकात, जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्याजवळ, कांस्याचे एक भलेमोठे मस्तक आडवे पडलेले आहे. इगोर मितोराय या शिल्पकाराने १९९९ मध्ये घडवलेल्या या शिल्पाचे नाव ‘इरॉस बेंदातो’, म्हणजे पट्ट्यांनी बांधलेला इरॉस, ग्रीकांचा प्रेमदेव. शहरातले लोक मात्र त्याला नुसते ‘डोके’ म्हणतात आणि भेटायचे ठरले की ‘डोक्यापाशी ये’ असे सांगतात. या शिल्पाची व शिल्पकाराची ओळख करून देणारी मराठी पुस्तिका आणि ध्वनिमुद्रण तयार करण्याचे आमच्या येथील मराठी मंडळाने ठरवले असून, त्यासाठी आपली मदत मागत आहोत.

उन्हाळ्यात सभासदांचे आईवडील येथे येतात, तेव्हा शिल्पापाशी पहिला प्रश्न हमखास येतो : ही मूर्ती भंगली कशी? भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवायची नसते, ती विसर्जित करायची असते, या संस्कारात वाढलेल्यांना असा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. ग्रीक व रोमन देवदेवता आपल्यापर्यंत पोहोचल्या त्याच मुळी हात तुटलेल्या, नाक झिजलेल्या, धडावेगळ्या झालेल्या अवस्थेत. मितोरायने ती मोडतोड दुरुस्त करायची म्हणून पाहिली नाही, तर तिलाच आपल्या शिल्पाचा आकार मानले. ग्रीक सौंदर्यदेवता अफ्रोडाइटीचा पुत्र इरॉस येथे धडाविना, चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळलेला असा पडून आहे. मस्तक आतून पोकळ आहे. मुले मानेच्या बाजूने आत शिरतात आणि बाहेर उभ्या असलेल्याला शिल्पाच्या डोळ्याच्या रिकाम्या खोबणीत एकाएकी एक जिवंत डोळा हललेला दिसतो.

मितोरायचा जन्म १९४४ मध्ये जर्मनीतील ओडरान येथे झाला. त्याची पोलिश आई तेथे सक्तीची मजूर म्हणून नेली गेली होती. युद्धाने देशोधडीला लागलेल्या पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासितांना, बहुतांशी स्त्रिया व मुलांना, त्याच काळात कोल्हापूरजवळ वळीवडे येथील छावणीत आसरा मिळाला होता, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. पुढे क्राकोवच्या कला अकादमीत मितोराय हा चित्रकार व नाट्यदिग्दर्शक तादेउश कान्तोर यांच्याकडे शिकला, १९६८ मध्ये पॅरिसला गेला आणि १९८३ मध्ये इटलीतील पिएत्रासान्ता येथे त्याने कार्यशाळा थाटली. २०१४ मध्ये पॅरिस येथे त्याचे निधन झाले. हे मस्तक चौकात बसवताना, मध्ययुगीन वास्तूंच्या मधोमध असले आधुनिक शिल्प शोभणार नाही, अशी नाराजीही व्यक्त झाली होती. आज त्याच्यावाचून हा चौक डोळ्यांसमोर आणणे आम्हाला तरी कठीण जाते.

पुस्तिकेत मेणाच्या प्रतिमेवरून कांस्य ओतण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र प्रकरण असेल. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची प्रतिमा करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची कृती दिलेली आहे. पिएत्रासान्ताच्या ओतशाळांतले काम मुळात याच तत्त्वावर चालते, आणि मूर्तिकलेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांना हे मराठीतून वाचायला मिळावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पुस्तिकेच्या ५०० प्रती छापण्यासाठी सुमारे ६,००० झ्लॉटी लागतील. निम्म्या प्रती महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांना व सार्वजनिक ग्रंथालयांना विनामूल्य पाठवण्यात येतील. देणगी कितीही लहान असली तरी तिची पावती दिली जाईल आणि हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल. पैशाइतकीच गरज माणसांची आहे : पोलिश व इटालियन मजकूर मराठीत आणू शकणारे, शिल्पकलेच्या परिभाषेवरून नजर फिरवणारे, आणि दृष्टिहीन श्रोत्यांसाठी शिल्पाचे वर्णन सावकाश, स्वच्छ आवाजात वाचू शकणारे. अशा श्रोत्यांना शिल्प हातांनी चाचपता येते. पट्टी कोठे सुरू होते, खोबण कोठे आहे, हे त्यांच्या बोटांच्या गतीने सांगणारे निवेदन आम्हाला हवे आहे.

पहिल्या मसुद्याचे वाचन पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता शिल्पापाशीच होईल. दगडी फरशीवर बराच वेळ थांबावे लागणार असल्याने, ज्यांच्याकडे घडीच्या खुर्च्या असतील त्यांनी ज्येष्ठांसाठी त्या आणाव्यात आणि तसे मंडळाच्या सचिवांना आधी कळवावे.